कॅन्सरच्या उपचाराचा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून कसा घ्यावा: नवख्यांसाठी

कॅन्सरच्या ओपीडीत निर्णय बहुतेकदा दोन वाक्यांत होतो. डॉक्टर म्हणतात, "ऑपरेशन करून घेऊ, मग केमो." नातेवाईक म्हणतात, "तुम्ही म्हणाल तसं." पेशंट स्टुलावर बसून दोघांच्या तोंडाकडे बघत असतो. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मग प्रश्न सुचायला लागतात. सगळं काढणार का? मुंबईत किती दिवस राहायचं? काम कधी सुरू करता येईल? तोवर आत पुढचा नंबर गेलेला असतो.

माझ्या आईला उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा मी तिच्याबरोबर होते. पुढे गावातल्या, नात्यातल्या लोकांची फाईल लावून देणं आणि त्यांच्यासोबत ओपीडीत बसणं हे काम आपसूक माझ्याकडे आलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणता उपचार घ्यावा हे इथे मिळणार नाही. आजाराबद्दल डॉक्टरांना जे कळतं ते रात्रभर मोबाइल चाळून आपल्याला कळत नाही, हे मान्यच. पण पेशंट पोटासाठी काय करतो, घरी करणारं कोण आहे, त्याला धास्ती नक्की कशाची आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. ते सांगायचं असतं उपचाराची योजना ठरण्याआधी. ठरल्यावर सांगितलं की त्याची तक्रार होते.

१. पेशंटपासून लपवायचं नाही, हे आधी घरात ठरवा

"आईंना काही सांगू नका, त्या खचतील." पेशंट आत यायच्या आधी मुलगा केबिनमध्ये शिरतो आणि डॉक्टरांना हे सांगतो. मायेपोटीच सांगतो. पण ज्याला आपला आजारच माहीत नाही त्याला पर्याय कसे विचारणार? शिवाय पेशंटला कळतंच. हॉस्पिटलच्या पाटीवर कॅन्सर लिहिलेलं असतं आणि केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पहिल्याच दिवशी "तुमचं कुठलं?" म्हणून विचारतो. मग आई मुलांसमोर काही माहीत नसल्यासारखं वागते, मुलं आईसमोर काही झालंच नाही असं वागतात, आणि कामाचं बोलणं राहून जातं.

उलटही असतं. काही पेशंटना सगळे आकडे ऐकायचे नसतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून रिपोर्ट यायच्या आधीच सरळ विचारा: "रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी सगळं तुम्हाला सांगावं, की दादाला सांगावं आणि तुम्हाला हवं तेवढं तुम्ही विचाराल?" उत्तर जे येईल ते पेशंटनं स्वतः डॉक्टरांसमोर बोलून दाखवावं.

यात कायद्याचाही भाग आहे. दिल्लीच्या एका प्रकरणात पेशंट भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी पेशंटचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली होती. पेशंटनं संमती दिली होती ती फक्त दुर्बिणीच्या तपासणीची. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पेशंट सज्ञान आहे आणि जिवावरची तातडी नाही, तर नातेवाइकाची संमती चालत नाही. वयानं मोठ्या माणसाच्या जागी मुलगा, नवरा, भाऊ परस्पर सही करतात तेव्हा हा निकाल आठवावा.

केबिनमध्ये पेशंटबरोबर दोघं पुरे. एक बोलायला, एक लिहायला. पुण्याचे काका आणि अमेरिकेतला भाचा यांना जे काही विचारायचं असेल ते आदल्या रात्री फोनवर विचारून घ्या. सगळं ठरल्यावर येणारा भाच्याचा फोन फार महाग पडतो.

२. फाईल लावा

नवा कागद वर, जुना खाली. हे सगळं हवं:

- बायोप्सीचा, म्हणजे आपण 'तुकडा तपासला' म्हणतो त्याचा, मूळ रिपोर्ट
- त्याच्या काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक
- सीटी, एमआरआय, पेट स्कॅन यांचे रिपोर्ट आणि सीडी
- आधी ऑपरेशन झालं असेल तर त्याची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड
- आधी केमो झाली असेल तर औषधांची नावं, डोस, तारखा
- रोजच्या गोळ्यांची यादी: बीपी, साखर, रक्त पातळ करणाऱ्या, काढे आणि चूर्णंसुद्धा
- आधार, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, विम्याचे कागद
- एक वही आणि चालणारं पेन

सगळ्यात जास्त राहतात ते ब्लॉक. रिपोर्ट म्हणजे एका पॅथॉलॉजिस्टचं मत. ब्लॉक म्हणजे प्रत्यक्ष तुमचा तुकडा. मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा तपासतात आणि कधीकधी निदानही बदलतं. लॅबवाले "कशाला हवेत?" विचारतील. "पुढच्या डॉक्टरांनी मागितलेत" एवढं उत्तर पुरतं. दाखल झालेल्या पेशंटचे कागद रुग्णालय देत नसेल तर लेखी अर्ज करून पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात.

सीडी घरी लावून बघा, कधीकधी ती रिकामी निघते. आणि फोनवर काढलेला फिल्मचा फोटो कुठल्याच डॉक्टरच्या उपयोगाचा नसतो.

३. रिपोर्टमधले मोजके शब्द ओळखून ठेवा

सगळा रिपोर्ट समजायची गरज नाही. घोळ होतो तो स्टेज आणि ग्रेडचा. आजार किती पसरलाय ती स्टेज. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात ती ग्रेड. 'ग्रेड ३' वाचून "तिसरी स्टेज आहे, आता काय उपयोग" म्हणत हातपाय गाळलेलं घर मी पाहिलंय. स्टेज पहिली होती.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्या झाल्यात का ते बघा. हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, ट्रास्टुझुमॅबसारखं औषध द्यायचं का, हे त्यावर ठरतं. तो रिपोर्ट नसताना केमोचा पूर्ण बेत कुणी सांगत असेल तर तपासणी कधी होणार हे विचारा.

आणि एक गोष्ट रिपोर्टमध्ये नसतेच, ती तोंडी विचारायची: या उपचाराचा हेतू काय? आजार पूर्ण बरा करणं, तो आटोक्यात ठेवणं, की त्रास कमी करणं? पुढचा प्रत्येक निर्णय या उत्तरावर बसतो. बरं होण्याची चांगली शक्यता असेल तर माणूस पुष्कळ सोसायला तयार होतो. दोन महिने वाढावेत म्हणून तेवढंच सोसायचं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर माणसागणिक बदलतं.

४. खरंच किती घाई आहे ते विचारा

"उद्याच ॲडमिट व्हा" ऐकलं की डोकं चालेनासं होतं. काही वेळा घाई खरी असते: तीव्र रक्ताचा कॅन्सर, श्वास अडकणं, आतडं बंद होणं, मणक्यावर गाठीचा दाब येऊन पाय लुळे पडायला लागणं. अशा वेळी प्रश्न मागाहून विचारा, आधी दाखल व्हा.

पण स्तन, तोंड, आतडं, प्रोस्टेट अशा बहुतेक गाठी महिनोन्‌महिने वाढत आलेल्या असतात. तिथे विचार करायला आणि दुसरं मत घ्यायला आठ-दहा दिवस मिळू शकतात. विचारायचं असं: "डॉक्टर, आम्ही पुढच्या आठवड्यात ठरवून आलो तर आजाराच्या दृष्टीनं काही बिघडेल का?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं.

हे आठ-दहा दिवस म्हणजे महिना नव्हे. "सुई टोचली की पसरतो", "लोखंड लागलं की गाठ चवताळते" असली बोलणी ऐकून लोक बायोप्सीच लांबवतात, मधल्या काळात कुणाचा तरी पाला सुरू होतो, आणि साधं ऑपरेशन पुरलं असतं तिथे मग आधी केमो देऊन गाठ लहान करावी लागते. पाला घेतलाच असेल तर डॉक्टरांना सांगा. रागावतील, पण लिव्हरची तपासणी करतील आणि भूल देण्याआधी त्यांना ते कळलेलं बरं.

५. पेशंटचा कागद

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि याला एक पैसा लागत नाही. ओपीडीच्या आदल्या दिवशी पेशंटकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. स्वतः लिहिता येत नसेल तर त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहा. त्यात सुधारणा करू नका.

- काय गेलं तर चालणार नाही
- काय सोसायची तयारी आहे
- अडचण कशाची आहे: घर, पैसा, प्रवास, काम

माझी आई साताऱ्याजवळच्या गावात ब्लाउज शिवते. तिच्या कागदावर पहिली ओळ होती: 'उजवा हात.' दुसरी: 'मुंबईत एकटी राहणार नाही.' केसांबद्दल अक्षरही नव्हतं. स्तन ठेवायचं की काढायचं याबद्दल लिहिलं होतं, 'कसंही चालेल, पण परत परत ऑपरेशन नको.'

डॉक्टर मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, "मावशी, उजवा हात म्हणजे काय?" आई म्हणाली, "कातर. अस्तराचे चार पदर एकदम कापते मी. दिवाळीच्या आधी महिनाभर तर मान वर करायला वेळ नसतो." मॅडमनी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं काख काढली. तिथे घेवड्याच्या दाण्यांसारख्या गाठी असतात. सगळ्या काढल्या तर हाताला सूज येण्याचा धोका वाढतो आणि ती आयुष्यभर सांभाळावी लागू शकते. सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसत होती. म्हणून आधी मोजक्या गाठी काढून तपासायच्या, त्यात आजार निघाला तरच पुढे जायचं, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून हाताचे व्यायाम. आणि केमोतल्या एका औषधानं बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तेव्हा "सुईत दोरा ओवताना त्रास व्हायला लागला की त्याच आठवड्यात मला सांगायचं, सायकल संपेपर्यंत थांबायचं नाही." सायकल म्हणजे केमोची एक फेरी. डोस कमी करणं, औषध बदलणं याचा विचार तेव्हाच करता येतो.

कागद नसता तरी काखेची तपासणी कदाचित तशीच झाली असती. सुई-दोऱ्याचं वाक्य मात्र झालं नसतं.

वय कमी असेल आणि पुढे मूल हवं असेल तर ती ओळ कागदावर ठळक लिहा. केमोमुळे बीजांडं आणि शुक्राणू या दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. शुक्राणू गोठवून ठेवायला फारसा वेळ लागत नाही, बीजांडांना साधारण दोन आठवडे लागतात. दोन्ही केमो सुरू व्हायच्या आधी करायचं असतं. लाजेपायी हा प्रश्न राहतो, आणि अविवाहित मुलामुलींच्या बाबतीत तर घरचे तो निघूच देत नाहीत.

६. केबिनमध्ये काय विचारायचं

वेळ थोडा असतो, म्हणून तीन प्रश्नांवर या:

- माझ्यासमोर पर्याय कोणते? काहीच केलं नाही तर काय होईल, हाही त्यात धरा.
- प्रत्येकाचा फायदा काय, त्रास काय?
- माझं वय, माझी तब्येत, माझी साखर धरून हा फायदा आणि हा त्रास होण्याची शक्यता किती?

तिसरा प्रश्न सोडू नका. आकडा सांगितला तर तो 'शंभरात किती' असा मागा. समजा कुणी म्हणालं की या औषधानं आजार उलटण्याचा धोका ३० टक्क्यांनी कमी होतो. मोठं वाटतं. पण शंभरातल्या दहाजणांचा आजार उलटणार होता आणि आता सातजणांचा उलटेल, तरीही ते ३० टक्केच. त्या तिघांसाठी शंभरजण औषध घेतात आणि त्रास काढतात. हे ऐकून कुणी औषध घेईल, कुणी नाही. पण दोघांना निदान खरं चित्र माहीत असेल.

निघण्यापूर्वी आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे आधी चार केमो, मग ऑपरेशन, मग शेक, असंच ना?" (शेक म्हणजे रेडिएशन.) चुकलं असेल तर डॉक्टर तिथेच दुरुस्त करतात. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा. बरेच डॉक्टर हो म्हणतात. चोरून केलेलं कळलं की विश्वास तुटतो.

"तुमच्या आईला असतं तर तुम्ही काय केलं असतं?" हा प्रश्न लोकांना फार आवडतो. विचारा, पण कागद दाखवून झाल्यावर. नाहीतर उत्तर डॉक्टरांच्या आईसाठीचं मिळेल, आणि त्यांची आई ब्लाउज शिवत नसेल.

मोठ्या रुग्णालयात बरेच निर्णय ट्यूमर बोर्डात होतात. सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसतात आणि पेशंट तिथे नसतो. म्हणून बोर्डाच्या आधी आपल्या डॉक्टरांना सांगा की आमची ही अडचण तिथे मांडा, आणि नंतर विचारा की मतभेद कशावर झाला. लहान रुग्णालयात बोर्ड नसेल तर ऑपरेशनआधी रेडिएशन आणि केमोच्या डॉक्टरांना एकदा भेटता येईल का ते विचारा. फक्त सर्जनला भेटून ऑपरेशन करून टाकणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा आहे.

७. पर्याय कुठे असतो, कुठे नसतो

सगळ्याच ठिकाणी निवड असते असं नाही, आणि तसा आव आणणाऱ्यांपासूनही सावध राहावं. काही ठिकाणी मात्र पक्की निवड असते.

लवकर सापडलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून शेक देणं आणि पूर्ण स्तन काढणं, या दोन्हींत आयुष्य सारखंच मिळतं. इटलीतल्या मिलान आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते हेच सांगतात. म्हणून इथे पेशंटचं म्हणणं निर्णायक. स्तन राखलं तर शेक घ्यावाच लागतो. तो पूर्वी पाच-सहा आठवडे असे, आता बऱ्याच जणींना तीन आठवड्यांत १५ सिटिंग पुरतात. शेकाचं यंत्र घरापासून दूर असेल तर हे तीन आठवडे कुठे काढायचे, हा वैद्यकीय नसलेला प्रश्न निर्णय फिरवतो. "वय झालंय, काढूनच टाका" हे नातेवाइकांनी ठरवायचं नाही.

स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये १९९१ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात केमो आणि शेकानं ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं, आणि दोन वर्षांनी या गटात आणि ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलेल्यांच्या गटात जिवंत असलेल्यांचं प्रमाण सारखंच, ६८ टक्के होतं. शिक्षक, कीर्तनकार, बाजारात ओरडून माल विकणारा, यांना आवाजाची किंमत निराळी असते. पण आजार कूर्चा फोडून बाहेर गेला असेल तर ऑपरेशनच सुचवलं जातं.

सौम्य प्रकारच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये तर लगेच काही न करता ठरावीक मुदतीनं तपासत राहणं हाही उपचार आहे. ब्रिटनमधल्या १,६४३ पुरुषांच्या अभ्यासाचे १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ऑपरेशन, शेक, नुसती नजर, तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरनं दगावलेले सुमारे तीन टक्केच होते. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक त्रास यांत मात्र फरक पडला. घरच्यांना "काहीच करत नाहीत" हे पचत नाही, पण पेशंटला पचत असेल तर त्याचं ऐका.

आता जिथे निवड फारशी नसते ते. आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचा कॅन्सर खूप. गाठ जिभेवर असते आणि डॉक्टर मानेतल्या गाठीही काढायच्या म्हणतात. घरचे अडून बसतात, मानेला काही लागत नाही तर कापायची कशाला. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं: सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, थांबून नंतर काढलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. इथे डॉक्टर आग्रह धरतात तो योग्यच. तुम्ही वाटाघाट करायची ती वेदनेची, खांद्याच्या व्यायामाची, आणि गिळता-बोलता येण्यासाठी थेरपिस्ट कधी भेटेल याची.

८. दुसरं मत

दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क म्हणून नोंदलेला आहे, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना अशी सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. सांगताना एवढंच म्हणा: "ऑपरेशन मोठं आहे, घरच्यांच्या समाधानासाठी एकदा दाखवून येतो. कागद मिळतील का?"

सगळ्यांनी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात धावायलाच हवं असं नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली अनेक कॅन्सर रुग्णालयं आहेत आणि उपचारांच्या समान मार्गदर्शक रेषा आहेत. ग्रिडच्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर कागद पाठवून तज्ज्ञांचं मत मागवता येतं. ते हातात ठेवून उपचार कोल्हापूर, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, जिथे जवळ पडेल तिथे घेता येतात.

दोन मतं जुळली नाहीत तर तिसऱ्याकडे पळण्याआधी दुसऱ्याचं लेखी मत पहिल्याला दाखवा आणि फरक कशामुळे आहे ते विचारा. पाच ठिकाणी पाच मतं घेत दोन महिने घालवलेले लोकही असतात.

९. पैशाचं उघड बोला

पैशाचा विषय डॉक्टरांसमोर काढायला संकोच वाटतो. मग तिसऱ्या केमोला पैसे संपतात, आणि अर्धवट उपचार हा सगळ्यात वाईट पर्याय कुणी न निवडता होऊन बसतो. पहिल्याच भेटीत पूर्ण उपचाराचा अंदाज मागा, एका सायकलचा नको.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जा. योजना कॅशलेस आहे. मंजुरीआधी रोख भरून उपचार सुरू केलेत तर ते पैसे परत मिळतील असं धरू नका. सुचवलेलं औषध पॅकेजमध्ये बसतं का, नसेल तर बसणारं कोणतं आणि त्यात तोटा किती, हे डॉक्टरांनाच विचारा. योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो तो इथेच.

"यापेक्षा स्वस्त पण चालणारं काही आहे का?" हा प्रश्न अपमानाचा नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी पुढच्या टप्प्यातल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं, सोबत तोंडानं घ्यायच्या गोळ्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षाअखेर १६ टक्के जिवंत होते, हे औषध जोडलेल्यांत ४३ टक्के. पूर्ण डोस परवडत नाही म्हणून पूर्वी काहीच मिळत नसलेल्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधीच चौकशी करा. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीत कॅन्सर पेशंटला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून मिळतो.

१०. सहीच्या वेळी

संमतीपत्र ऑपरेशनच्या सकाळी, पेशंटला गाऊन घातल्यावर पुढे येतं. आदल्या दिवशीच मागून घ्या, मराठीतलं मागा, मराठीत नसेल तर वाचून समजावायला सांगा. कोऱ्या जागा भरल्याशिवाय सही करू नका. 'गरज पडल्यास आणखी' असं मोघम लिहिलं असेल तर कशाची गरज, कितपत आणखी, हे विचारून त्यावरच लिहून घ्या.

औषधाच्या ट्रायलसाठी विचारलं तर घाबरू नका आणि भुलूही नका. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि हो म्हणून नंतर बाहेरही पडता येतं.

११. निर्णय पुन्हा उघडता येतो

पहिला स्कॅन झाला, आजार उलटला, त्रास सोसेना झाला, तेव्हा पाचव्या पायरीवरचा कागद पुन्हा लिहा. माणसं बदलतात. 'काहीही करा पण वाचवा' म्हणणारा पेशंट वर्षभरानं 'आता घरी राहायचंय' म्हणतो, आणि हे घरच्यांच्या आधी डॉक्टरांना सांगतो.

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांची भेट शेवटासाठी राखून ठेवू नका. बोस्टनच्या २०१० मधल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना ती निदानानंतर लगेच दिली, तर त्यांचं जगणं सुसह्य झालं, आणि शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी घेऊनही ते सरासरी जास्त जगले, ८.९ ऐवजी ११.६ महिने. दुखणं, धाप, उलट्या, झोप यांचा बंदोबस्त केमो चालू असतानाही करता येतो. मॉर्फिन सुरू केलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

व्हेंटिलेटर, आयसीयू नको असेल तर तेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. सज्ञान, शुद्धीवरच्या माणसानं दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा कोण बोलेल त्यांची नावंही त्यातच लिहायची. एक प्रत फाईलच्या पहिल्या कप्प्यात, एक ज्याचं नाव लिहिलंय त्याच्याकडे, आणि एक डॉक्टरांच्या हातात, पुढच्या भेटीतच.